गिरिजाबाईची शंभर मेंढरं

खरं सांगते, गिरिजाबाईला मी पहिल्यांदा बघितलं तवा मला वाटलं ही बाई भानामती करती. आता आठवलं की पोट धरून हसते. त्या दिवशी मात्र हसू बिलकुल आलं न्हाई.

झालं असं, मी लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्ते, ती चार महिन्यांनी संक्रांतीच्या तोंडावर बदनापूरला परत आले. आमच्या शेजारचं घर रत्नाचं. रत्ना माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, पण गप्पांना बरोबरीची. ते लोक ख्रिस्ती, आम्ही पाटलाकडचे, पण भिंतीवरून भाजीची वाटी जायला कधी अडचण आली न्हाई. ती रत्ना दिवाळीच्या आधी गेली. चार दिवसांचा ताप, प्लेटलेट उतरल्या आन संपलं. मला फोनवर कळलं. मांडीवर नातू, कानाला फोन, आन नातवाला दूध पाजायचं का रडायचं तेच सुदरंना. मागं नवरा राहिला आन दोन पोरी, दहा वर्षांची तृप्ती आन सहाची एस्तेर. नवरा वाळूजला कंपनीत, आज सकाळची शिफ्ट तर उद्या दुपारची. पोरींकडं कोण बघतं, ही काळजी मी नांदेडला बसून करत होते.

आले त्याच दिवशी, रविवार होता, भिंतीवरून डोकावले. तर रत्नाच्या ओट्यावर एक अनोळखी म्हातारी. पांढरं पातळ, केस घट्ट बांधलेले, पाठ सरळ. पुढ्यात सूप. सुपात कापसाचे मुठीएवढे गोळे, प्रत्येकाच्या गळ्याला काळा दोरा आवळलेला आन खालून चार-चार काड्या टोचलेल्या. म्हातारी एक गोळा उचलायची, दोरा घालायची, गाठ मारायची, दातानं दोरा तोडायची आन सुपात रांगेत ठेवायची. तोंडावर काहीच न्हाई. ना राग, ना हसू, ना कंटाळा. भिंतीला तोंड काढलं तर जसं दिसंल तसं.

मी घरात पळाले. आमचे मालक पेपर वाचत बसल्ते.

"अवो, रत्नाच्या घरात एक बाई भानामती करून राह्यली."

"कोणावर?"

"आपल्यावर, आन कोणावर. शेजार आपलाच हाय."

"मंग जा आन विचार तिला," मालक पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "भानामती करणारी बाई भरदुपारी ओट्यावर बसून करत न्हाई. आन आपल्यावर करून तिला मिळणार काय? तू?"

मी वाटी घेतली आन विरजण मागायच्या निमित्तानं गेले. बाईनं मान वर केली. "सलाम," म्हणाली. त्यांच्यात तसंच म्हणतेत, रत्ना बी म्हणायची, पण त्या घडीला माझ्या लक्षात आलं न्हाई. मी वाटी छातीशी धरून उभी.

"बाई, विरजण हाय का थोडं?"

"न्हाई. दूध नासलं आज. बसा."

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"मेंढरं."

"कशाची?"

"कापसाची," ती म्हणाली. तसं ते मला बी दिसत होतं.

तेवढ्यात आतून एस्तेर पळत आली आन माझ्या मांड्यांना बिलगली. मंग तिनंच सगळं समजावलं. "मावशी, ही माझी आजी हाय, मम्मीची आई. आन हे पाय हायेत, काडीपेटीच्या काड्या. काळं गुल खाली ठिवायचं, म्हंजे खूर दिसतेत. ही आयडिया माझी हाय. वीस झाली. शंभर करायचीत, दर रविवारी दहा."

मी वाटी खाली ठेवली आन हसत सुटले. हसता हसता खरं ते सांगून टाकलं, की मला भानामती वाटली. तृप्ती हसली, एस्तेरला भानामती ठावं न्हाई तरी हसली. गिरिजाबाईनं फक्त दोरा तोडला. "लोकांना दवाखान्यात बी मी सुई घेऊन आले की तसंच वाटायचं," म्हणाली. तिला हे गमतीनं म्हणायचं होतं का साधं, ते मला अजून कळलं न्हाई.

गिरिजाबाई जालन्याला एका दवाखान्यात नर्स होती, एकतीस वर्षं. त्यातली बहुतेक ऑपरेशनच्या खोलीत. बाई बोलायला कंजूस. मी दहा वाक्यं बोलावी तवा तिचं एक यायचं, ते बी अर्धं. पण हाताची अशी चलाख की बघत बसावं. चादर घालणार तर चारी कोपरे कात्रीनं कापल्यासारखे. लसणाच्या पाकळ्या सोलल्या की रांगेत. मी तिला म्हणायचे, "गिरिजाबाई, लसूण काय परेडला चालला का?" ती म्हणायची, "रांगेत असलं की हरवत न्हाई."

मेंढरांचं मूळ होतं रत्नाच्या वहीत. रत्नाचं एक खूळ होतं, मला पहिल्यापासून ठावं होतं. रविवारी सकाळी जालन्याला चर्चला जाऊन यायचं आन संध्याकाळी घरी पोरींना घेऊन बसायचं. एक गोष्ट सांगायची आन त्या गोष्टीचं हातानं काहीतरी करायचं. मला म्हणायची, "मीनामावशी, देवाची प्रीती, देवाची प्रीती, नुसतं कानात ओतून पोरींना काय कळणार? हाताला लागलं की कळतं." त्यासाठी तिची शाळेची दोनशे पानी वही होती. एकेका रविवारला एकेक पान. वर गोष्ट, खाली सामान, त्याच्याखाली काय करायचं ते. ती गेली तवा वही मार्चपर्यंत भरलेली होती, आन जानेवारीपासूनच्या प्रत्येक पानाच्या तळाला लिव्हल्तं, दहा मेंढरं.

गिरिजाबाई वहीप्रमाणं चालायची. दवाखान्यात भिंतीवर कामाचा तक्ता लावलेला असतो ना, तसं. रविवार आला की पान उघडायचं, सामान काढायचं, करायचं, पान बंद. एका रविवारी पाय धुवायचं निघालं. येशूनं चेल्यांचे पाय धुतले ती गोष्ट. मी नेमकी त्याच टायमाला उसनी साखर परत द्यायला गेले. पोरींनी आजीचे पाय धुतले, भेगांना व्हॅसलिन लावलं आन मला बी पाटावर बसवलं. मी नको नको म्हणत होते, टाचा दाखवायच्या लायकीच्या न्हाईत. एस्तेरनं माझी टाच घासली आन म्हणाली, "मावशी, तुझ्या पायात शेत हाय." मी हसले पण माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू. पुसून बघते तर गिरिजाबाई वहीत बघून राह्यली. "आता टावेल," म्हणाली. "मंग प्रार्थना."

आन मिठाचा रविवार. तुम्ही जगाचं मीठ, अशी गोष्ट. रत्नानं लिहिल्तं, भाजी बिनमिठाची करायची, पोरींना सांगायचं न्हाई, त्यांनी ओळखायचं. गिरिजाबाईनं वांगी केली बिनमिठाची. पोरींनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. तृप्तीनं बराबर ओळखलं. गोष्ट झाली, मीठ आलं, पोरींनी आपापल्या ताटात घालून घेतलं. गिरिजाबाईनं घातलं न्हाई. तशीच भाकरी मोडून सगळी भाजी खाल्ली.

"आजी, तुझ्यात मीठ न्हाई," तृप्ती म्हणाली.

"हाय की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला तृप्तीनंच सांगितलं हे. मी भिंतीपाशी गाठलं तिला. "गिरिजाबाई, तुला खरंच कळलं न्हाई का?"

ती कपडे वाळत घालून राह्यल्ती. पोरींचे मोजे जोडीजोडीनं. "न्हाई कळलं," म्हणाली. "दिवाळीपासून कशाचंच कळत न्हाई. इंजेक्शन देऊन दात काढला की गाल कसा होतो, तसं हाय. चावलं तरी कळत न्हाई."

"आन हे रविवारचं? ते करताना तरी?"

"हात करतेत. त्यांना ठावं हाय." मंग जरा थांबून म्हणाली, "पोरींना देवाची प्रीती सांगते आन मला आत काही हालत न्हाई, मीना. बरं हाय का हे, ते बी ठावं न्हाई. रत्नानं पानं भरून ठेवलीत, तर ती करायची."

एवढी वाक्यं एका दमात मी तिच्याकडून तवाच ऐकली. मी म्हणाले, "मोजे उलटे घातलेस," आन घरात गेले. मोजे सरळच होते.

मेंढरं मात्र दर रविवारी वाढत होती. कापूस रत्नाच्या नवऱ्याच्या घनसावंगीच्या चुलत्यानं पिशवीभर दिलेला, शेतातून वेचलेला, सरकीसकट. मी म्हणाले, मेडिकलमधून पांढराशुभ्र कापूस का न्हाई आणत, ही मेंढरं कळकट दिसतेत. गिरिजाबाई म्हणाली, "पोटात काही नसलं की उभं राहत न्हाई. सरकीच्या वजनानं उभं राहतं." तृप्ती वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं रेघा ओढायची, एका मेंढराला एक रेघ. तिसऱ्या रविवारी मी गुळपोळ्या घेऊन गेल्ते, भानामतीची भरपाई म्हणून. सगळ्यांनी तिथंच बसून खाल्ल्या, मी नांदेडच्या बाळंतपणाची सगळी हकीकत सांगितली, आन मेंढरं करता करता अंधार पडला. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार हाय.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी शंभर झाली. वहीत रत्नानं लिहिल्तं: "शंभर मेंढरं मांडायची. एक लपवायचं. पोरींनी शोधायचं. सापडेपर्यंत शोधायचं, मधे सोडायचं न्हाई. सापडल्यावर शेजाऱ्यांना बोलावून शिरा." गोष्ट तुम्ही ऐकली असंल. मेंढपाळाची शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं, तो नव्व्याण्णव सोडून त्या एकाला हुडकायला जातो. देव तसा हाय, असं ते सांगतेत.

शेजारी म्हंजे आम्ही, म्हणून मी आधीच जाऊन बसले. शिऱ्याचा वास येऊन राह्यल्ता. पोरी भिंतीकडं तोंड करून उभ्या, डोळ्यावर हात. गिरिजाबाईनं सुपातून एक मेंढरू उचललं आन आत गेली. तेवढ्यात फोन वाजला. रत्नाच्या नवऱ्याची गाडी चुकल्ती, जेवायला थांबू नका म्हणून. बोलता बोलता ती घरभर फिरली, चूल बघितली, पाणी पिली, बाहेर आली आन म्हणाली, "शोधा."

पोरींनी शोधलं. पिठाच्या डब्यात, उशांच्या खोळीत, शिलाई मशीनच्या ड्रॉवरात, भिंतीवरल्या क्रुसाच्या मागं, पातळांच्या घड्यांत. मी बॅटरी घेऊन पलंगाखाली आडवी झाले, मला उठवायला तृप्ती लागली. तासभर झाला. शिरा गार पडला.

"आजी, सांग की आता," तृप्ती म्हणाली. "हारलो आम्ही."

गिरिजाबाईनं तोंड उघडलं. आन तसंच ठेवलं.

"मला आठवंना," म्हणाली.

आम्हाला वाटलं गंमत. पण ती गंमत करणारी बाई न्हाई. ती उठून स्वैपाकघरात गेली, तिथून खोलीत, तिथून परत, हात असा पुढं धरून, जसं हातात काही असंल तर. चार वेळा गेली. चारी वेळा हात रिकामाच परत आला.

शिरा कुणी खाल्ला न्हाई. मी घरी नेला, मालकांनी खाल्ला.

सोमवारी शाळेतून आल्यावर एस्तेर दप्तर टाकून परत शोधायला लागली. मंगळवारी बी. वहीत लिव्हलं होतं ना, मधे सोडायचं न्हाई. बुधवारी मी शेवग्याच्या शेंगा द्यायला गेल्ते. पोरगी धान्याच्या कोठीमागं अर्धी घुसलेली, नुसते पाय बाहेर. तिथूनच तिनं विचारलं, "आजी, मम्मीला देवानं जपून ठिवलं म्हणतीस ना तू?"

"हो."

"मंग देवबी इसरला असंल का, कुठं ठिवलं ते?"

गिरिजाबाई शेंगा मोडून राह्यल्ती. तिचे हात थांबले. मी त्या बाईचे हात थांबलेले तवा पहिल्यांदा बघितले. "न्हाई," ती म्हणाली. "देव इसरत न्हाई."

"तू इसरलीस," एस्तेर म्हणाली. तिनं ते तक्रारीनं म्हटलं न्हाई. नुसतं सांगितलं.

त्या दिवसापासून पोरगी रात्रीची दोनदा-तीनदा उठायची, असं तृप्ती सांगायची. उठून सुपातली मेंढरं चाचपायची आन परत झोपायची. खाणं निम्म्यावर आलं. आन गिरिजाबाई घर उपसून राह्यल्ती. कोपरा कोपरा, डबा डबा. मला भिंतीवरून भांड्यांचे आवाज यायचे. तिला काही वाटत न्हाई म्हणायची, पण एका गोष्टीचं तिला कळत होतं, की हे मेंढरू सापडलं न्हाई तर पोरीच्या लेखी तिची आई कायमची हरवली.

मंग मी एक उद्योग केला. कबूल करते. जुन्या गादीच्या कोपऱ्यातून मूठभर कापूस काढला, गोळा केला, काळा दोरा आवळला, चार काड्या खोचल्या, गुल खाली. एस्तेरच्या खुरासकट सगळं बराबर. शनिवारी हळदीचं निमित्त काढून गेले आन मेंढरू पलंगाच्या पायामागं सारून दिलं. आन मोठ्यानं म्हणाले, "एस्तेर, बाई, पलंगामागं नीट बघितलं का तू?"

ती घुसली आन ओरडतच बाहेर आली. घरभर नाचली. तृप्ती आली, तिनं बघितलं, ती बी हसली. माझ्या मनात आलं, घ्या, आता शिरा होणार.

गिरिजाबाईनं हात पुढं केला. एस्तेरनं मेंढरू तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते दोन बोटांत धरून दाबलं, जसं ताप बघताना मनगट धरतेत तसं. मंग माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी खुणा करून राह्यल्ते, भुवया पार केसांत गेल्या माझ्या.

"ह्याच्यात सरकी न्हाई," गिरिजाबाई म्हणाली.

"असू दे की," मी म्हणाले. "कापूस हाय, दोरा हाय, पाय हायेत. शंभर झाली. उलट सगळ्यांत हेच गोरं हाय."

"हे मीनामावशीचं हाय," तिनं एस्तेरला सांगितलं. "पाहुणं आलंय. ठिव सुपात. पण आपलं अजून बाहेरच हाय."

पोरीचं तोंड उतरलं. मला असा राग आला की काय सांगू. तिला ओट्यावर ओढून नेलं. "तुला काळीज हाय का, गिरिजाबाई? पोरगी नाचून राह्यल्ती. काय बिघडलं असतं?"

"नवं करून शंभर भरायची असती," ती म्हणाली, "तर मेंढपाळ डोंगरात गेलाच नसता. घरी बसून एक वळलं असतं."

हरायला लागले की मी दुसरं भांडण काढते. "मुळात शंभर होतीच कुठं? नव्व्याण्णवच केली तुम्ही. मी गुळपोळ्या घेऊन आल्ते त्या रविवारी नऊच झाली. माझ्या डोळ्यानं बघितलं."

"दहा झाली."

"नऊ. तू माझ्या नातवाचं बारसं ऐकत बसल्तीस."

"तू सांगत बसल्तीस. मी करत होते. दहा झाली."

"वही आण."

वही आली. तृप्तीनं शेवटचं पान उघडलं. बाकीच्या रविवारच्या दहा-दहा रेघा साफ मोजता येत होत्या, आन तिसऱ्या रविवारच्या रेघांवर बरोबर माझ्या गुळपोळीच्या तुपाचं बोट उमटलेलं. रेघा पुसटून नऊ बी वाटत होत्या, दहा बी, कुणी वकील असता तर अकरा म्हणाला असता.

"बघ," मी म्हणाले. "नव्व्याण्णवच. जे केलंच न्हाई ते सापडणार कसं? उचललेलं तू फोनच्या नादात परत सुपातच टाकलं असशील. सांग पोरीला तसं. हरवलंच न्हाई काही. मोजणी चुकली."

खरं तर मला ही फार छान पळवाट वाटली. पोरीचं बी समाधान, आन हिच्या डोक्यावरचं ओझं बी गेलं. पण गिरिजाबाईनं वही मिटली.

"ऑपरेशन झालं की पोट शिवायच्या आधी रक्त टिपायच्या पट्ट्या मोजतेत," म्हणाली. "आत गेल्या किती, बाहेर आल्या किती. एक कमी भरली तर डॉक्टर शिवत न्हाई. सगळे उभे राहतेत. कुणी म्हणत न्हाई की आधीच एक कमी होती. एकतीस वर्षं मोजल्या मी. माझी मोजणी कधी चुकली न्हाई, मीना. रत्नाच्या बी मेंढरांची चुकली न्हाई. शंभर होती."

"नव्व्याण्णव," मी म्हणाले आन तडक घरी आले.

चार दिवस मी भिंतीकडं गेले न्हाई. मालक म्हणाले, "घर फार शांत हाय, तब्येत बरी हाय का तुझी?" पाचव्या दिवशी ऊन असं कडक पडलं की आमच्या फ्रिजची बी हवा गेली, आन गिरिजाबाईच्या माठाचं पाणी मला आठवायला लागलं. त्या बाईनं ओल्या वाळूवर माठ ठेवलेला, पाणी असं गार की दात शिवशिवतेत. तहान ही काही माघार न्हाई, असं मनाला समजावून मी गेले.

गिरिजाबाई माठ धुवायला काढून राह्यल्ती. आठ-पंधरा दिवसांनी ती माठ उचलून वाळू बदलायची. मी दारात उभी राहिले. ती बघून म्हणाली, "थांब, पाणी देते," आन माठ दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. मंग वाकली आन वाकलेलीच राहिली.

मला वाटलं कंबर धरली. जवळ गेले. माठाच्या मागं, भिंतीच्या बाजूला, ओल्या वाळूत एक मळकं मेंढरू अर्धं बसलेलं. काळा दोरा गळ्यात बराबर. दोन काड्या गळून पडलेल्या. आन त्याच्या पाठीतून कापूस फाडून एक कोंब वर आलेला, दोन कोवळी पानं, त्यातल्या एकावर सरकीचं टरफल टोपड्यासारखं अडकलेलं.

"फोन आल्ता," गिरिजाबाई म्हणाली. आवाज नेहमीचाच. "मी पाणी पिले. तांब्या घ्यायला हात मोकळा केला. ते मागं ठेवलं. हो. तवाच."

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. रडंल, निदान पदर तरी लावंल डोळ्याला, मी धरायला हात बी पुढं केल्ता. काही न्हाई. तिनं बोटाच्या टोकानं टरफल काढलं, जसं जखमेवरची खपली काढावी तसं जपून, आन पोरींना हाक मारली.

एस्तेर आली. उकिडवी बसली. पानाला एक बोट लावून बघितलं.

"आजी, ह्याला पाला फुटला."

"हं."

"तुला ठावं नव्हतं तरी ते हितंच होतं."

"हं," गिरिजाबाई म्हणाली. "हितंच होतं."

"पाणी बी मिळत होतं त्याला."

"माठ पाझरतो."

एस्तेरनं थोडा इचार केला आन मान हलवली, मोठी माणसं सौदा पटल्यावर हलवतेत तशी. मंग वाटी आणायला पळाली, मेंढरू वाळूसकट उचलायला. एवढंच झालं. मी मनातल्या मनात दहा वाक्यं जुळवल्ती, देवाच्या करणीची, रत्नाची, कोंबाची. त्यातलं एक म्हणून बघितलं. "गिरिजाबाई, बघ, रत्नानंच..."

"मीना," ती म्हणाली, "सूप आण."

सूप आणलं. तिनं ओट्यावर बसून एकेक मेंढरू काढलं आन दहा-दहाच्या रांगा लावल्या. तृप्ती वहीच्या नव्या पानावर रेघा ओढून राह्यल्ती, जवळपास कुठं तूप न्हाई ह्याची आजीनं आधी खात्री करून घेतल्ती. नऊ रांगा भरल्या. दहाव्या रांगेत नऊ. शेवटच्या जागेवर एस्तेरनं वाटी ठेवली, कोंबासकट.

"बोल, किती?" गिरिजाबाईनं मला विचारलं.

"शंभर," मी म्हणाले.

"गुळपोळीच्या रविवारी किती झाल्ती?"

"आता गं कशाला ते. झालं गेलं."

"किती झाल्ती?"

"दहा."

"जोरात बोल. तृप्तीला लिव्हायचंय."

"दहा झाल्ती बाई, दहा," मी म्हणाले. तृप्तीनं लिहिलं, तारखेसकट. पण मी बी अशी सहजी सोडणारी न्हाई. सुपाच्या कोपऱ्यात माझं गादीच्या कापसाचं गोरं मेंढरू एकटंच पडल्तं, पोटात सरकी न्हाई म्हणून कलंडलेलं. ते उचलून मी पुढं केलं. "आन हे धरून एकशे एक. म्हंजे तुझी बी मोजणी चुकलीच."

गिरिजाबाईनं ते माझ्या हातातून घेतलं, भिंतीला टेकवून उभं केलं आन उठली.

"पाहुण्याला मोजत न्हाईत," म्हणाली. "पाहुण्याला शिरा देतेत. बस, रवा भाजते."